हजारावी पौर्णिमा नक्की कधी?

वाचकाचं पत्र: "आमचे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) निवृत्त प्राथमिक शिक्षक. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1945. आजी मात्र सांगायची, 'लढाई थांबली त्या दिवाळीत, पाडव्याला झाला.' गाव तासगाव तालुक्यात, आता मुक्काम सांगलीत. येत्या 1 जूनला अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं, मंगल कार्यालय घ्यायचं, तीनशे माणसं बोलवायची असं पुण्याच्या भावानं ठरवलं आहे. गुरुजी म्हणतात, त्या तारखेला करता येणार नाही. आणि अण्णा म्हणतात, 'मला काहीच नको. माझ्याबरोबरचे सगळे गेले. चंद्र मोजून काय करू?' आई शहात्तराव्या वर्षात आहे, तिचे गुडघे दुखतात. अण्णांना मधुमेह आहे, कमी ऐकू येतं. आम्ही करावं की सोडून द्यावं? आणि अण्णांचं हे बोलणं काळजीचं आहे का?" — एक मुलगी, सांगली

ताई, आधी तारखेचं बघू. ते सुटलं की भावाशी बोलणंही सोपं होईल.

1 जून ही अण्णांच्या पिढीतल्या हजारो माणसांची कागदावरची जन्मतारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरच्यांना इंग्रजी तारीख सांगता यायची नाही, मग मास्तर प्रवेशाचं वय बसेल अशा बेतानं 1 जून लिहून टाकायचे. आजींनी दिलेली खूण त्यापेक्षा कितीतरी पक्की आहे. दुसरं महायुद्ध ऑगस्ट 1945 मध्ये थांबलं. त्यानंतरची पहिली दिवाळी आली नोव्हेंबर 1945 च्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे अण्णांचा जन्म त्या आठवड्यातला, तिथी कार्तिक शुद्ध प्रतिपदा. कागदानं त्यांना पाच महिने मोठं केलं आहे.

लेखी पुरावा हवा असेल तर तासगाव तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मागा. कोतवाल बुक म्हणतात ते हेच, त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. अर्जात गावाचं नाव, आजोबांचं पूर्ण नाव आणि साल लिहा. बाळाच्या नावाने शोधू नका. नोंद बहुतेक वेळा बारशाच्या आधी व्हायची, त्यामुळे तिथे फक्त 'मुलगा' आणि बापाचं नाव सापडतं. जुनी पानं मोडी लिपीत असू शकतात, म्हणून वाचणारा माणूस सोबत न्या. आणखी एक. 1945 साली सांगली जिल्हाच नव्हता. सातारा तोडून 1949 मध्ये दक्षिण सातारा झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. तासगावात काही सापडलं नाही तर साताऱ्याकडेही विचारा. हे सगळं घरासाठी. कागदावरची 1 जून मात्र बदलायला जाऊ नका. निवृत्तिवेतन, ऐंशीनंतरची त्यातली वाढ, आधार, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, सगळं त्याच तारखेवर बसलेलं आहे. एक ठिकाण बदललं की बाकीची जुळत नाहीत आणि पेन्शन अडकते.

गुरुजी नाही का म्हणाले, तेही सांगते. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून 2026. 1 जून बरोबर त्यात येतो आणि अधिक महिन्यात अशी शांतिकर्मं टाळतात. शिवाय सांगलीचा मे-जूनचा उकाडा, कार्यालय, होम आणि ऐंशी पार केलेला माणूस हे सगळं एकत्र नकोच.

आता हजार चंद्रांचा हिशेब. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी 29.53 दिवस. पहिली पौर्णिमा जन्मानंतर महिन्याभरात केव्हातरी येते, तिथून पुढे 999 महिने मोजायचे, म्हणजे सुमारे 29,501 दिवस. म्हणून कोणाचीही हजारावी पौर्णिमा साधारण 80 वर्षं 9 महिने ते 80 वर्षं 10 महिने या वयात, थोड्या दिवसांच्या फरकाने येते. काही घरांत ऐंशी पूर्ण झाली की करतात, काही ऐंशी वर्षं आठ महिने धरतात, काही एक्क्याऐंशी पूर्ण झाल्यावर करतात. तिन्ही रीती चालत आलेल्या आहेत आणि गुरुजी त्यांपैकी कुठलीही सांगतील. घरात चूक होते ती वेगळीच. वर्षाला बारा पौर्णिमा धरून कोणी गुणाकार करतं, 960 येतात, आणि अधिक मास मोजायचे राहतात. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. ऐंशी वर्षांत ते एकोणतीस-तीस होतात, उरलेल्या दहा-अकरा पौर्णिमा ऐंशीनंतरच्या.

अण्णांसाठी मोजून पाहिलं. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा म्हणजे 1945 ची त्रिपुरी पौर्णिमा, 19 नोव्हेंबर. तिथून हजारावी येते यंदाची श्रावण पौर्णिमा. रक्षाबंधन 28 ऑगस्टला आहे, पण तिथी त्या दिवशी सकाळीच संपते. चंद्र बघायचा तो गुरुवारी, 27 ऑगस्टच्या संध्याकाळी. भावाने ठरवलेल्या 1 जूनपर्यंत हजार चंद्र पुरेच झालेले नसतील. हे त्याला दाखवा. माणूस वाद घालतो, कॅलेंडरशी घालत नाही.

अडचण अशी की ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा, आभाळ उघडं मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून आमचा सल्ला: 27 ऑगस्टला घरातल्या घरात दिवा, नैवेद्य, ढग फाटले तर गच्चीवरून दर्शन, एवढंच करा. नातेवाइकांना बोलवायचं ते कोजागरीला, रविवार 25 ऑक्टोबर 2026. पाऊस परतलेला असतो, हवा बरी असते, सुट्टी आहे, आणि चंद्र बघत दूध प्यायचं हे त्या रात्रीचं कामच आहे, त्यासाठी वेगळं काही रचावं लागत नाही. कोजागरीला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. अण्णा थोरले असतील आणि त्यांना धाकटी बहीण असेल तर तिला मुद्दाम बोलवा. आईने केलेलं ते ओवाळणं त्यांना आठवत असेल, आणि आता ते करू शकणारं तेच एक माणूस आहे.

आता अण्णांच्या 'नको'बद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे. या वयात माणूस 'मला काही नको' म्हणतो तेव्हा आपल्याला ती विरक्ती वाटते. पुष्कळदा त्याच्या तळाशी अगदी साधी, सांगायला लाज वाटणारी गोष्ट असते. गर्दीत ऐकू येत नाही, मग माणसं बोलतात आणि आपण उगाच मान हलवतो. लघवी आवरत नाही आणि कार्यालयाचं स्वच्छतागृह दूर, तेही भारतीय पद्धतीचं. कवळी जेवताना सुटते. मुलांचा खर्च होईल. आईला त्रास होईल. ही एकेक गोष्ट वेगळी विचारा, एका बैठकीत नव्हे, दोन-तीन दिवसांत, फिरायला जाताना किंवा भाजी निवडताना. "अण्णा, करायचं का?" असं विचारलं तर उत्तर 'नको'च येणार. "अण्णा, किती वेळ सलग बसवतं?" असं विचारलं तर आकडा मिळतो, आणि कार्यक्रम त्या आकड्यावर बेतता येतो.

कानाचं काम आजच हातात घ्या. वयाने ऐकू कमी होतं ते आधी उंच सुरांचं, म्हणून बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज, स-श-फ-त असे वर्ण आधी हरवतात. "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार त्यातूनच येते. मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, थोडं सावकाश, तोंड दिसेल असं बोलायचं. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. श्रवणयंत्र घ्यायचं ठरलं तर निदान दोन महिने आधी घ्या. मेंदूला त्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आणलेलं यंत्र गोंगाटात कर्कश वाटतं आणि माणूस ते काढून खिशात टाकतो, पुन्हा लावतच नाही.

"माझ्याबरोबरचे सगळे गेले" हे मात्र खरं दुःख आहे. त्यावर "असं बोलू नका, तुम्ही शंभर वर्षं जगाल" हे उत्तर देऊ नका. ते वाक्य त्यांना गप्प करतं. कोण गेले, हे विचारा. नावं लिहून घ्या: शाळेतले सोबती, पहिल्या शाळेवरचे सहकारी, शेजारी. ही नावं कोजागरीच्या दिवशी, सगळे जमल्यावर, अण्णांनीच किंवा नातवाने वाचावीत. त्याला दोन मिनिटं लागतात. शुभदिवशी गेलेल्यांची नावं कशाला, असं कोणीतरी म्हणेल. मंगलकार्याच्या आधी नांदीश्राद्धात आपण पितरांची आठवण काढतोच, त्यात अशुभ काही नाही. आणि 'सगळे' म्हणताना दोन-चार जण अजून असतातच. त्यांचे फोन नंबर शोधा. प्रवास झेपणाऱ्याला गाडी पाठवा, न झेपणाऱ्याला त्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लावून द्या. भावाच्या तीनशे पाहुण्यांपेक्षा अण्णांना तो एक माणूस मोठा वाटेल.

तुम्ही विचारलं, काळजीचं आहे का. गेलेल्यांची आठवण येऊन डोळे भरणं, मग चहा पिऊन पेपर उघडणं, हे वयाचं दुःख. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास राहणं, आवडीच्या गोष्टी सोडणं, जेवण आणि वजन घटणं, पहाटे तीन-चारला जाग येऊन झोप न लागणं, "मी ओझं झालोय" हे वारंवार म्हणणं, यातलं काही दिसत असेल तर ते वय म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, बी-12 आणि चालू गोळ्या तपासायला सांगा. यातल्या बिघाडानेही मन खालावतं आणि उपचाराने उभारी येते. जगणं नको असल्याची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आता कोजागरीचा कार्यक्रम. तीनशे माणसं का नकोत, याचा हिशेब भावाला असा सांगा: प्रत्येक नमस्काराला वीस सेकंद धरले तरी शंभर मिनिटं होतात. तेवढा वेळ उभं राहायचं, वाकायचं, पाठीवर हात ठेवायचा. या वयात रक्तदाब पटकन सावरत नाही, उठता-वाकताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि माणूस पडतो तो अशाच वेळी. पस्तीस-चाळीस माणसं, दोन तास, घराची गच्ची किंवा सोसायटीचं अंगण. गच्चीला जिना असेल आणि लिफ्ट नसेल तर अंगणच, आईचे गुडघे लक्षात घेऊन. दोघांना हात असलेल्या, सुमारे अठरा इंच उंचीच्या खुर्च्या. सजवलेला खोल सोफा नको, त्यातून उठताच येत नाही. पाठीमागे भिंत असावी, म्हणजे आवाज समोरून येतात आणि ऐकणं सोपं जातं. माईक लागणारच नाही. भाषणं तीन, प्रत्येकी चार मिनिटं. शाली-नारळ नकोत हे निमंत्रणातच लिहा.

धार्मिक भाग सकाळी, फक्त घरच्यांत. संकल्प, गणेशपूजन, पुण्याहवाचन, कलशस्थापना, चंद्राचं पूजन, होम, मग कलशातल्या पाण्याने दांपत्यावर अभिषेक असा साधारण क्रम असतो. सगळं विस्ताराने केलं तर तीन-चार तास जातात. गुरुजींना आधीच सांगा की दीड तासात बसेल असं करा, ते करतात. इथे सगळ्यात मोठा धोका उपाशीपोटी बसण्याचा आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, यजमान म्हणून उपवास धरून पूजा लांबली की साखर उतरते: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, शुद्ध हरपणं. "भक्तीने गहिवरले" असं समजून कोणी लक्ष देत नाही. त्या सकाळी गोळी किती आणि कधी घ्यायची ते डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा, आणि नाश्ता करूनच बसवा. शास्त्रात आजाऱ्याला आणि वृद्धाला सूट आहे, गुरुजी स्वतः सांगतील. जवळ ग्लुकोमीटर आणि साखरेचं पाणी ठेवा. होमकुंड अंगणात किंवा धूर दोघांच्या अंगावर येणार नाही अशा बाजूला, आणि आहुती मुलाने द्याव्यात. अभिषेकाचं पाणी कोमट असावं, संपलं की लगेच कोरडे कपडे.

ओवाळण्यासाठी एक्क्याऐंशी दिवे करतात. एकाच परातीत एवढ्या ज्योती लावल्या तर वरची हवा तापते, परात हातात धरवत नाही, पदर पेटण्याची भीती असते. नऊ ताटांत नऊ-नऊ ठेवा, बरोबर एक्क्याऐंशी होतात आणि नऊ जणींना मान मिळतो. ताटात तांदळाचा थर घातला की दिवे सरकत नाहीत. फुलवाती आदल्या रात्री पातळ तुपात भिजवून थिजू द्या, म्हणजे लावताना सांडत नाहीत. ओवाळणाऱ्यांनी सुती नेसावं, आणि पंखा त्या वेळी बंद.

तुला, म्हणजे माणसाच्या वजनाइतकं दान, करायची हौस असेल तर लटकत्या पारड्यात अण्णांना बसवू नका. दवाखान्यातल्या काट्यावर वजन करून तेवढं धान्य किंवा गूळ मांडा. सांगलीत गुळाच्या दहा किलोच्या ढेपा सहज मिळतात, बासष्ट किलोंना सहा ढेपा आणि दोन किलो. पण एखाद्या वसतिगृहाला द्यायचं असेल तर आधी त्यांना विचारा. साठ किलो गूळ त्यांच्याकडे महिनोन्महिने पडून पाघळतो, तूरडाळ आणि गहू मात्र लगेच उपयोगी पडतात.

दूध चाळीस जणांना, पेलाभर म्हणजे दीडशे मिलिलिटर धरलं तर सहा लिटर लागतं. सात लिटर घेऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सहा लिटर उरेपर्यंत आटवा, तळ सतत खरवडत राहा, नाहीतर करपट वास सगळ्या दुधाला लागतो. साखर घालण्याआधी अण्णांचं आणि इतर मधुमेही पाहुण्यांचं दूध वेगळं काढा. बाकीच्यात अर्धा किलो साखर, वेलची, जायफळ, केशर. चंद्र त्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास उगवेल आणि सात-साडेसातपर्यंत इमारतींच्या वर येईल. मध्यरात्रीची वाट बघू नका, आठला नैवेद्य, साडेआठला जेवण. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास अण्णांना बसूनच ठेवा. पोट भरल्यावर वृद्धांचा रक्तदाब उतरतो, आणि नेमके तेव्हाच पाहुणे निरोप घ्यायला येतात.

तोवर हातात काही महिने आहेत. त्यात अण्णांच्या आठवणी रेकॉर्ड करा, हे आमच्या मते सोहळ्यापेक्षाही जास्त गरजेचं आहे. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं तर कोणालाच सुचत नाही. खुणेचं साल द्या. 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हा दुकानात हिशेब कसा करायचा? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे झोपला होता? 72 च्या दुष्काळात शाळेत मुलं येत होती का? पहिला पगार किती, आणि त्यातला पहिला खर्च कोणता? 2005 आणि 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं? बैठक सकाळची, चाळीस मिनिटांची, त्याहून लांब नको. फोन विमान मोडवर, घडी केलेल्या रुमालावर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. टेबलावर थेट ठेवला तर प्रत्येक ठोका रेकॉर्ड होतो. पंखा बंद. फाइलला तारीख आणि विषय असं नाव द्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. जुने फोटो पुढ्यात घेऊन बसा, डावीकडून उजवीकडे नावं विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे. आईंची पंचाहत्तरी नुकतीच झाली असेल, आणि तिचा उल्लेख कुठेच नाही. बायकांच्या बाबतीत असं फार होतं. आईंचं शहात्तरावं वर्ष यंदा पूर्ण होत असेल तर बघा, दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा जवळजवळ एका दिवशी येतात: एकोणीस, अडतीस, सत्तावन्न आणि शहात्तर. त्यांच्या घरच्यांना तिथी आठवत असेल आणि तारीख नसेल, तर यंदाच्या कॅलेंडरवर ती तिथी ज्या तारखेला पडते तीच, फार तर एका दिवसाच्या फरकाने, त्यांची जन्मतारीख. यंदा मधला अधिक ज्येष्ठ तेवढा लक्षात घ्या. तो दिवस कोजागरीच्या आधी येत असेल तर अण्णांच्या तयारीत तो हरवू देऊ नका. आणि आईंना दोन्ही दिवशी स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही, हे भावाला आजच सांगा. आचारी त्यानेच ठरवावा, कार्यालयाचे पैसे वाचलेच आहेत.